धंदा : काही नाही

माझी माय दवाखान्यात मेली. तिचा केसपेपर अजून माझ्याकडं आहे. त्यावर नाव आहे, अंदाजानं टाकलेलं वय आहे, वस्तीचा पत्ता आहे, आणि 'धंदा' या शब्दापुढं लिहिलंय : काही नाही.

लिहिणाऱ्या कारकुनाला शिव्या द्यायला मी बसलेलो नाही. खिडकीपुढं रांग होती. त्यानं मान वर न करता विचारलं, "बाई काय करते?" उत्तर मी दिलं. नामांतराच्या मोर्चात घसा फोडून आलेला, सभेत मार्क्स आणि बाबासाहेब एका दमात सांगणारा मी. मीच म्हणालो, "काही नाही, घरीच असते."

ती घरी बसून विड्या वळायची. रोज हजार.

दोस्तांनो, तुम्ही जयंतीच्या पावत्या फाडत वस्तीतून फिरता म्हणून हा हिशोब तुमच्यापुढं मांडतो. पंचवीस विड्यांचा एक कट्टा. चाळीस कट्टे म्हणजे हजार. वर्षातले तीनशे दिवस धरा. बाळंतपणाचे, तापाचे, मयतीचे दिवस मी वजा केलेत, शेठनं कधी केले नव्हते. वर्षाला तीन लाख विड्या झाल्या. १९७२ च्या दुष्काळात आमचं गाव सुटलं आणि आम्ही जालन्यात आलो, १९९३ च्या दिवाळीत माय गेली. वीस वर्षं धरा. साठ लाख विड्या. साठ लाख वेळा पान कापलं, चिमटीनं तंबाखू भरला, वळलं, तोंड मोडलं, दोरा बांधला. आणि धंदा काय? काही नाही!

जालना म्हटलं की लोक म्हण सांगतात, जालना सोने का पालना. पाहुणा आला की त्याला मोंढा दाखवतात, बियाण्यांच्या कंपन्यांच्या पाट्या दाखवतात, लोखंडाच्या गिरण्या दाखवतात. लोखंडाच्या भट्टीत माणूस भाजला तर निदान दुसऱ्या दिवशी पेपरात दोन ओळी येतात. भोंगा असतो, गेट असतं, गेटावर वॉचमन असतो, म्हणून तिथं कारखाना आहे हे आंधळ्यालाही कळतं. आमच्या दहा बाय दहाच्या पत्र्याच्या खोलीला भोंगा नव्हता. तिथं कारखाना आहे हे कोणालाच कळलं नाही. आम्हालाही नाही, जे त्या कारखान्यात झोपत होतो.

हो, झोपत होतो. एका कोपऱ्यात चूल, दुसऱ्यात पाण्याचा रांजण, आणि रांजणाशेजारी ओल्या गोणपाटात गुंडाळलेली टेंभुर्णीची पानं. ती रात्री भिजवून ठेवावी लागतात, नाहीतर सकाळी वळताना तडकतात. मधे माय, मांडीवर सूप, सुपात तंबाखू. सुपाच्या पलीकडं धाकटी बहीण झोपलेली. ती रांगायला लागली तेव्हा पहिल्यांदा तिनं धरलं ते सुपाचं काठ. शाळेतून आलो की मला कात्री आणि पत्र्याचा फर्मा मिळायचा. पान फर्म्यावर ठेवायचं, कडेनं कापायचं. शंभर पानं कापल्याशिवाय भाकर नाही. माय मारायची नाही, नुसती म्हणायची, "काप रे बाबा, उजेड हाय तवर." ती भाकरही त्याच हातानं थापलेली असायची. भाकरीला एक कडवट चव असते असं मी मोठा होईपर्यंत समजत होतो. कॉलेजात एका मित्राच्या घरी जेवलो तेव्हा कळलं, ती चव भाकरीची नव्हती.

पत्र्याखाली मे महिन्यात बसून बघा एकदा. दार उघडं ठेवलं तर तंबाखू उडतो आणि पानं वाळतात, म्हणून दार लोटून बसायचं. खिडकी नव्हतीच. शेजारपाजारच्या चार बाया आल्या की खोलीत अशी भुकटी भरायची की आलेल्या माणसाला दारातच शिंका यायच्या. बायांना येत नसत. "सवय झाली बाप्पा," म्हणायच्या. त्यांना सवय नव्हती झाली, त्यांचं नाक मेलं होतं.

आता जे शिकलेले आहेत त्यांनी हे नीट समजून घ्यावं, कारण आपल्यातही अजून म्हणणारे भेटतात की घरबसल्या काम आहे, सावलीतलं आहे, काय वाईट? तंबाखूतलं विष धुरातूनच अंगात जातं हा गैरसमज आहे. ओल्या हातानं दिवसभर तंबाखू चिवडला की ते कातडीतून रक्तात जातं. भुकटी श्वासातून जाते ती वेगळी. नवी पोरगी कामाला बसली की पहिले काही दिवस तिला मळमळतं, डोकं गरगरतं, घाम फुटतो. बाया त्याला 'तंबाखू चढला' म्हणतात आणि हसतात. मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात विडी वळणाऱ्या बायांची लघवी तपासली. ज्या बायांनी जन्मात विडी तोंडाला लावली नाही त्यांच्या लघवीत तंबाखूची द्रव्यं निघाली. म्हणजे विडी ओढतो तो एक, आणि ती वळणारी दुसरी. ओढणाऱ्यानं निदान ओढायचं ठरवलेलं असतं.

पोटुशा बाया शेवटच्या दिवसापर्यंत सुपापुढं असायच्या. मांडी घालून, पुढं वाकून, पोट दाबून. पोर जन्मलं की बारकं, चिमणीएवढं. मग म्हणायचं, आमच्यात असंच असतं. पाठ तर कोणाचीच सरळ नव्हती. मायच्या उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट घासून इतकं गुळगुळीत झालं होतं की रेशनकार्डाच्या कामाला ठसा उमटेना. साहेब म्हणाला, दुसरा अंगठा द्या. दुसराही तसाच. हा विनोद वस्तीत वर्षभर चालला. मीही हसलो होतो.

खोकला लागला तेव्हा आधी काढा, मग मेडिकलवाल्याची पुडी, मग सरकारी दवाखाना. टीबीची औषधं दोनदा झाली. दुसऱ्यांदा थुंकीत जंतू सापडले नाहीत तरी दम तसाच राहिला. डॉक्टर चांगला होता, तरणा होता. त्यानं विचारलं, "आजी, विडी ओढता?" नाही. "तंबाखू खाता?" नाही. "मशेरी?" नाही. त्याचे प्रश्न संपले. विड्या वळता का, हा प्रश्न त्याच्या पुस्तकात नव्हता. आणि मी शेजारी उभा राहून गप्प होतो. मला वाटलं, आता हे काय सांगायचं. खरं सांगू? मला लाज वाटत होती.

ही लाज कुठून आली यावर मी तीस वर्षं विचार करतोय.

आधी शेठची गोष्ट संपवतो. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. त्याच्यासारखे गावोगाव आहेत, सिन्नर-संगमनेरपासून सोलापूर-नांदेडपर्यंत आणि तिकडं गोंदिया-कामठीपर्यंत. एकाचं नाव घेतलं की बाकीचे पांढरेशुभ्र होतात. पानं तोलून मिळायची. त्यात फाटकी, किडकी, कोवळी किती हे घरी आल्यावर कळायचं. पानं कमी पडली तरी हजार भरलेच पाहिजेत, म्हणून पदरच्या पैशानं पान विकत आणायचं. तेही मुकादमाच्या भावाकडून. तिसऱ्या प्रहरी बाया टोपल्यात कट्टे घालून वखारीला जायच्या. मुकादम एकेक कट्टा दाबून बघायचा आणि बाजूला सारायचा. छाट. ही सैल. छाट. हिचं तोंड नीट नाही. छाट. ज्या बाईनं काल उलट बोललेलं असायचं तिची छाट आज जास्त. नियमांत छाटीला मर्यादा घातलेली आहे, पण ती भिंतीवर लावलेली मी कुठल्या वखारीत पाहिली नाही. छाटीची मजुरी नाही. आणि छाट झालेल्या विड्या परतही नाहीत! त्या कुठं जातात हे मला पुढं एका टपरीवर कळलं. सुट्या विकल्या जात होत्या. मीच एक विकत घेऊन ओढली. मायनं वळलेली असेल, कोणी सांगावं.

मजुरीचं काय विचारता? मी शाळेत होतो तेव्हा दिवसाच्या मजुरीत दोन किलो ज्वारी आणि तेलमिठापुरतं यायचं. घरातली तीन माणसं राबली की एका बाईची मजुरी. शेठच्या वहीत एकच नाव, आणि बहुतेक वेळा तेही बापाचं.

आता म्हणाल, कायदा नव्हता का? होता. हेच तर सांगायचंय. १९४८ साली फॅक्टरी ॲक्ट आला, कारखान्यातल्या माणसांची मोजदाद, तास, सुट्ट्या आल्या. मोजली जातात म्हटल्यावर मालकांनी जागोजागी कारखाना मोडला आणि तुकडे करून बायांच्या मांडीवर ठेवला. कारखान्यात पुरुष होते, घरात बाया आल्या. १९६६ साली विडी-सिगार कामगारांचा वेगळा कायदा झाला. त्यात घरी बसून विड्या वळणारी बाईसुद्धा कामगार आहे असं स्वच्छ लिहिलं. मालक कोर्टात गेले, १९७४ साली सुप्रीम कोर्टानं तो कायदा उचलून धरला. १९७६ साली विड्यांवर उपकर बसवून कल्याण निधी काढला, त्यातून दवाखाने, पोरांच्या शिष्यवृत्त्या, घरं. १९७७ साली प्रॉव्हिडंट फंड विडीधंद्याला लागू झाला. मालक पुन्हा कोर्टात. म्हणाले, ही बाई आमच्या आवारात येत नाही, कधी बसते, कधी उठते आम्हाला ठाऊक नाही, तिच्यावर आमची देखरेख नाही, मग ती आमची नोकर कशी?

१९८५ साली सुप्रीम कोर्टानं जे उत्तर दिलं ते प्रत्येक कार्यकर्त्यानं पाठ करावं. कोर्टानं म्हटलं, विडी नापास करायचा हक्क तुझ्याकडं आहे ना? मग तीच देखरेख. म्हणजे ज्या छाटीनं मायला लुटलं त्याच छाटीनं सिद्ध झालं की लुटणारा तिचा मालक आहे. कट्टा बाजूला सारणारा तो हात मालकाचा. निकाल लागला तेव्हा माझी माय जिवंत होती. वखारीत बसलेली होती. तिला पुढची आठ वर्षं कोणी सांगितलं नाही. तिला सांगायचं काम कोणाचं होतं? शेठचं नक्कीच नव्हतं.

कायद्यात एक भोक ठेवलेलं आहे तेही सांगून ठेवतो. जो माणूस स्वतःच्या घरात, घरच्यांना हाताशी घेऊन, कोणाचीही नोकरी न करता विड्या वळतो त्याला तो कायदा लागू नाही. वाचायला हे बरोबर वाटतं. आता शेठची अक्कल बघा. तो कागदावर पान-तंबाखू बाईला विकतो आणि संध्याकाळी विड्या तिच्याकडून विकत घेतो. झाली ना माझी माय व्यापारी! ना कार्ड, ना पासबुक, ना फंड. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या, १९६६ चा स्वतंत्र कायदा त्यांच्या पोटात गेला, पण हे भोक नव्या कापडावरही जसंच्या तसं आहे. २०१७ साली जीएसटी आला आणि विडीवरचा उपकर गेला. ज्या निधीला विडीतूनच पैसा येत होता तो सरकारच्या बजेटच्या दारात भीक मागत उभा राहिला. सप्टेंबर २०२५ मध्ये विडीवरचा जीएसटी अठ्ठावीस टक्क्यांवरून अठरावर आणायचं ठरलं, पानावरचा अठरावरून पाचावर आला. त्या दहा आणि तेरा टक्क्यांतलं किती सुपापर्यंत आलं ते वस्तीत जाऊन विचारा. मी विचारलं. बाया म्हणाल्या, कशाचे टक्के?

आणि आपण?

आपण दिवसातून शंभर वेळा जय भीम म्हणतो. हा शब्द दिला कोणी? कामठीच्या बाबू हरदास एल. एन. यांनी. त्यांचा फोटो जयंतीच्या बॅनरवर कधी कोपऱ्यात असतो, कधी नसतो. पण त्या माणसानं काय केलं ते बॅनरवर नसतं. त्यांनी मध्यप्रांतात विडी मजुरांची संघटना बांधली. ठेकेदाराच्या कचाट्यातून माणसं सुटावीत म्हणून सहकारी तत्त्वावर विड्यांचं काम काढून पाहिलं. १९३७ साली स्वतंत्र मजूर पक्षातर्फे विधिमंडळात निवडून गेले. १२ जानेवारी १९३९ ला टीबीनं गेले, पस्तिशीत. विडी वळणाऱ्यांच्या गल्लीत फिरणारा माणूस विडी वळणाऱ्यांच्या दुखण्यानं गेला. आपण त्यांचा शब्द घेतला आणि त्यांचं सूप तिथंच ठेवून आलो.

बाबासाहेबांनी १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वे कामगारांच्या परिषदेत सांगितलं की आपले शत्रू दोन, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. मनमाड आमच्याच लाईनवर आहे, जालन्याहून गाडीत बसलं की पोचतो. एवढं जवळ सांगितलेलं आपल्याला अर्धंच ऐकू आलं. १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात ते कामकरी बाईच्या बाळंतपणाच्या भत्त्यासाठी उभे राहिले, तिच्या विश्रांतीचा भार सरकारनं आणि मालकानं उचलावा म्हणून. १९४२ ते १९४६ ते मजूरमंत्री होते. त्या काळात, १९४४ साली नेमलेल्या रेगे समितीनं देशभरच्या मजुरांची पाहणी केली, तिच्यात विडीधंदाही होता. बापानं विडीवाल्या बाईकडं पाहिलं होतं. लेकरांनी पाहिलं नाही.

गिरणीची गोष्ट आपण भाषणात हमखास सांगतो. मुंबईच्या गिरण्यांत विणखात्यात आपल्या माणसांना घेत नसत, का, तर धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे, अस्पृश्याची लाळ लागलेला धागा सवर्णाच्या तोंडात जाईल. संप पुकारणाऱ्या लाल पुढाऱ्यांपुढं बाबासाहेबांनी हा सवाल टाकला होता. बरोबर. आता मला सांगा, विडी कुठं जाते? तोंडात. गावच्या पाटलाच्या तोंडात, देवळातल्या पुजाऱ्याच्या तोंडात. आमच्या मायच्या बोटांनी भरलेली, आमच्या मायच्या बोटांनी तोंड मोडलेली. तिथं कोणाला विटाळ झाला नाही! विणखात्यात पगार जास्त होता, म्हणून तिथं विटाळ. विडीत मजुरी नाही, म्हणून तिथं विटाळ नाही. विटाळाला हिशोब कळतो, दोस्तांनो. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही, सुपापुढं बसून कळलं, तेही माय गेल्यावर.

आणि विडी आपल्याही तोंडात गेली. ते दिवस आठवतात. १९७८ च्या २७ जुलैला विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आपली घरं पेटली. जळालेल्या गावांतली माणसं आमच्या वस्तीत आली. पुरुष काम शोधत फिरले, बाया पंधरा दिवसांत कुठल्यातरी सुपापुढं बसल्या. रात्री आमच्याच खोलीत कार्यकर्त्यांची बैठक. क्रांती कधी, कशी, कोणाच्या नेतृत्वाखाली. माय कोपऱ्यात वळत बसलेली. बोलता बोलता एखादा हात लांब करून तिच्या सुपातली विडी उचलायचा, पेटवायचा आणि कष्टकऱ्यांच्या शोषणावर बोलायचा. मायचे कट्टे कमी भरायचे. ती काही बोलायची नाही, रात्री अजून पन्नास वळायची. मला अटक झाली तेव्हा जामिनासाठी धावपळ करणाऱ्याच्या हातात पैसे पडले ते त्याच सुपातून. त्या सगळ्या बैठकांत तिला एकदा विचारलं गेलं. "मावशी, चहा होईल का?"

हे दुसऱ्यांवर ढकलत नाही. त्या बैठकीत सगळ्यांत जास्त मीच बोलायचो.

लाजेचं उत्तर मला इथं सापडलं. आपण कामगार म्हटला की डोळ्यापुढं मूठ आवळलेला पुरुष आणतो. गेटसभा, लाल किंवा निळं निशाण, भोंगा. घरात बसलेली, पदर तंबाखूनं पिवळा पडलेली बाई आपल्याला माय दिसते, बहीण दिसते, त्यागमूर्ती दिसते, कवितेचा विषय दिसते, कामगार दिसत नाही. शेठ म्हणतो ती घरी असते. सरकार म्हणतं ती घरी असते. आणि त्यांच्याशी भांडायला निघालेला पोरगाही खिडकीवर तेच म्हणतो, घरीच असते. तिघांचं एकमत झाल्यावर त्या बाईनं कुठं जायचं?

सोलापूरकडं बघा. तिथल्या लाल बावट्यावाल्यांना जात दिसत नाही असं आपण म्हणतो, आणि त्यात तथ्य आहे, मी त्यांच्याशी भांडलोय. पण कुंभारीच्या माळावर विडी कामगार बायांची दहा हजार घरं उभी राहिली. २००६ साली पंतप्रधान येऊन किल्ल्या देऊन गेले. त्या वसाहतीला गोदूताई परुळेकरांचं नाव आहे. कोणी आकाशातून टाकली नाहीत. बायांची नावं वहीत लिहून घेतली, कार्डं काढली, वर्षानुवर्षं मोर्चे काढले. आपल्याकडं कार्यकर्ते कमी होते का? आपल्याकडं वही नव्हती.

आमच्या वखारीपुढं आपल्या बाया होत्या, पलीकडच्या मोहल्ल्यातल्या मुसलमान बाया होत्या, पद्मशाली बाया होत्या. छाट काढताना मुकादम जात विचारत नव्हता, पण तिघींना तीन वेगळ्या वेळी बोलवायचा. त्याला कळत होतं की एकत्र उभ्या राहिल्या तर बोलतील. ते आपल्याला कळायला हवं होतं.

आता दुसरी एक जमात आहे तिच्याशीही दोन शब्द. तंबाखू वाईट, विडी बंद करा म्हणणारी. बंद करा की! माझी माय विडीनं गेली, मला विडीचा पुळका नाही. पण वेष्टनावर भेसूर चित्र छापायची वेळ आली, कर वाढायची वेळ आली की शेठला अचानक लाखो गरीब बायांची आठवण येते. ट्रकात भरून त्यांना मोर्चाला आणतात, हातात फलक देतात. त्या दिवशी त्या कामगार असतात. फंडाच्या दिवशी व्यापारी. तंबाखूविरोधाचा जो जागतिक करार आहे त्यावर भारतानं २००४ साली पक्की मोहोर उठवली. त्यातच लिहिलंय की तंबाखूवर पोट असणाऱ्यांना दुसरा परवडणारा धंदा द्या. चित्र छापून झालं. दुसरा धंदा कुठं आहे? ज्या पोरी विडीतून निघाल्या त्या दुसऱ्या घरकामात शिरल्या. साडीला फॉल लावणं, तयार कपड्यांचे धागे कापणं, मणी ओवणं, पापड लाटणं. तंबाखू गेला, छाट राहिली. नगावर मजुरी, माल घरी आणून टाकणारा मधला माणूस, आणि वर कोण हे तिला ठाऊक नाही. पाठ तशीच वाकडी, डोळे अजून लवकर जातात. घरी बसून काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेनं १९९६ साली वेगळा करार केला. भारतानं त्याला अजून मान्यता दिलेली नाही. यावर आपण एकदा तरी निवेदन दिलंय का? पुतळ्याच्या जागेवर दिलंय, कमानीच्या उंचीवर दिलंय. तीही द्यावीत. मी पुतळ्याच्या विरोधात नाही. पण मागच्या चौदा एप्रिलला आमच्या वस्तीच्या कमानीवर खाली कोपऱ्यात 'सौजन्य' म्हणून एका वखारवाल्याचं नाव होतं. त्याच कमानीखालून बाया कट्टे घेऊन गेल्या. त्या पोरांना मी बोललो तर म्हणाले, काका, एवढं कशाला ताणता, पाच हजार दिले त्यानं. कोणाचे दिले रे? ज्याच्या छाटीतून आले तिचे पाच हजार तिच्याच जयंतीला, आणि नाव त्याचं!

मी एक वही केली आहे. साधी, शाळेची, दोनशे पानी. दर पानावर बाईचं नाव, किती वर्षं वळते, कोणासाठी वळते, पान किती तोलून मिळतं, छाट किती, खोकला आहे का, पोटातून रक्त जातं का, कार्ड आहे का. पहिल्या पानावर मायचं नाव लिहिलं. धंदा : विडी कामगार. तिला आता उपयोग नाही, पण तिथून सुरुवात केल्याशिवाय पुढचं पान उलटेना. आजपर्यंत अकरा नावं झाली. पैकी नऊ बायांनी मालकाच्या रकान्यात काही लिहू दिलं नाही. माझी सख्खी मावसबहीण, तिचा दम मायसारखाच वाजतो, ती म्हणाली, "दादा, शेठचं नाव नको लिहू. उद्या पान बंद झालं तर तू आणून देशील का?"

मला उत्तर आलं नाही. एकट्याला येणारही नाही. तिचं पान बंद झालं तर त्या दिवशी वखारीपुढं पन्नास माणसं उभी राहतील असं मला तिला सांगता आलं पाहिजे, आणि ते खरं असलं पाहिजे. सध्या खोटं आहे, म्हणून तो रकाना कोरा आहे.

रविवारी तिसऱ्या प्रहरी या. भाषण कोणी करायचं नाही. मोहल्ल्यातल्या बायांकडंही जायचंय, म्हणून बहिणी, वहिनींना घेऊन या. माझ्यासमोर त्या दुखणं सांगत नाहीत. आणि येताना एक तराजू आणा, खरी वजनं असलेला. पानं तोलायची आहेत.